मधल्या भिंतीचा अंदाज

बैल विकत घेणारा माणूस जशी बैलाच्या पाठीवर थाप मारतो, तशी आमचे मिस्त्री भिंतीवर मारायचे. मग हात पँटीला पुसायचे आणि मालकाकडे वळून म्हणायचे, "घर दावू नका. घर दिसतंय मला. मानसं दावा."

शहापुरात नकाशे आणि अंदाजपत्रकं करून देणाऱ्या एका छोट्या ऑफिसात मी नव्वदच्या दशकात नोकरीला लागले. किन्हवलीहून सकाळच्या एसटीने यायचं, टाइपरायटरवरचं फडकं काढायचं, आणि वाळू, विटा, सिमेंट असं दिवसभर बडवत बसायचं. आमचे साहेब नकाशात हुशार, पण उन्हात जायला नाखूश. त्यामुळे पडक्या, जळक्या, उघड्या पडलेल्या घरांवर पाठवायला त्यांनी एक मिस्त्री धरून ठेवले होते. सगळा तालुका त्यांना नुसतं 'मिस्त्री' म्हणायचा. डोळखांबकडच्या एका पाड्यावर त्यांचं घर होतं. डोक्याला कायम टॉवेल, खिशात कोळशाचा तुकडा, आणि चेहऱ्यावर असा भाव की नुकतीच कुणाची तरी खोडी काढून आलेत.

साहेबांनी मला त्यांच्याबरोबर जायला सांगितलं, कारण मिस्त्रींचं अक्षर मिस्त्रींनाही लागत नसे. मी लिहून घ्यायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "लिव बाय. विटा. वाळू. कौलं. वासे. रुसवा."

"काय?"

"रुसवा. घर बांदताना मधी एक मानूस रुसतोच. आठ दिवस काम बंद. मजूर बसून खातात. तो खर्च कोन देनार, तुजे सायेब?"

मी 'इतर' असं टाइप केलं. पुढची कित्येक वर्षं शहापूर आणि मुरबाडमधल्या अंदाजपत्रकांत 'इतर' या नावाखाली सासवांचे, मेहुण्यांचे आणि एकदा तर एका पुजाऱ्याचे रुसवे जमा झालेले आहेत, हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. आता तुम्हालाही झालं.

तुम्हाला वाटेल, माणूस मोठा जाणकार असणार. तसं काही नाही. त्यांचे अंदाज हमखास चुकायचे. एखाद्याने तक्रार केली की म्हणायचे, "अंदाज म्हंजे अंदाज. बरोबर आला तर त्याला हिशोब म्हनतात." तरी लोक त्यांनाच बोलवायचे. चुकलेलं घर पुरं होईपर्यंत ते सोडून जात नसत, हे एक. आणि घरात रडारड चालू असली तरी ते आले की तासाभरात कुणीतरी हसायचं, हे दुसरं.

मुरबाडच्या बाजूला मुंबईच्या एका शेटने जुनं घर घेतलं होतं. दारं, खिडक्या, फरशा सगळं आधीच कुणीतरी काढून नेलेलं. फक्त चार भिंती आणि आत वाढलेली टाकळ्याची रोपं. शेटजींनी मिस्त्रींचा आकडा ऐकला आणि घासाघीस सुरू केली. मिस्त्री एका शब्दाने भांडले नाहीत. शेट कमी करायचे, मिस्त्री एकेक वस्तू काढायचे.

"बरं शेट. मंग पडवीची फरशी काढतो."

"अजून कमी करा."

"मंग मागली खिडकी काढतो."

"अजून."

"मंग मोरीचं दार काढतो."

शेट थबकले. "मोरीला दार नको?"

"कशाला? तुमी आंघोळीला गेलात की गानं म्हना. आवाज ऐकून कोन येनार नाय."

शेटच्या बायकोला एवढं हसू आलं की ती तिथेच दगडावर बसली. दार, खिडकी, फरशी, सगळं परत अंदाजात आलं. बाईंनीच आणवलं.

पण मला सांगायची आहे ती सापगावच्या पलीकडच्या एका गावातल्या जळालेल्या घराची गोष्ट.

उन्हाळ्याचे दिवस. गावातली बहुतेक माणसं शेजारच्या गावी हळदीला गेलेली. या घराच्या माळ्यावर पेंढा रचून ठेवला होता, तो पेटला. माणसं, गुरं वाचली. पण माळा, वासे, कौलं सगळं आत कोसळलं. आम्ही गेलो तेव्हा घर म्हणजे काळ्या पडलेल्या बाहेरच्या चार भिंती आणि वर आभाळ एवढंच होतं. भिंती जुन्या, मातीत बांधलेल्या. पावसाआधी छप्पर चढलं नसतं तर त्याही विरघळल्या असत्या.

घर दोन भावांचं. बऱ्याच वर्षांपूर्वी बांधाच्या आंब्यावरून दोघांचं भांडण झालं होतं, इतकं की थोरल्याने कुऱ्हाड उचलली होती. त्यानंतर घराच्या मधोमध कुडाची भिंत उभी राहिली आणि दोघांचं बोलणं बंद झालं. आगीत ती भिंतही जळून गेली. त्यामुळे आता दोन्ही भाऊ कित्येक वर्षांनी एकाच खोलीत उभे होते. एक या कोपऱ्यात, एक त्या कोपऱ्यात, दोघेही आभाळाकडे बघत.

मिस्त्रींनी भिंतीवर थाप मारली, माणसं बघितली, आणि त्यांच्या डोळ्यांत ती चमक आली. खोडी सुचली की यायची, तीच.

ऑफिसात परत आल्यावर त्यांनी सांगायला सुरुवात केली. कौलं ठीक. वासे ठीक. मग 'मधली भिंत' म्हणून जो आकडा सांगितला, तो ऐकून मी बोटं थांबवली.

"मिस्त्री, हा तर सगळ्या छपरापेक्षा जास्त झाला."

"पायापासनं घेतली हाय."

"एवढ्या पायावर देऊळ उभं राहील."

"राहूंदे. तू टाइप कर. दोघांना परवडलं नाय म्हंजे भिंत रद. एक छप्पर, एक चूल, दोन भाव. नुसत्या एका आकड्यानं हे जमत असंल तर वाईट काय?"

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला त्यात फार मजा वाटली.

दुसऱ्या दिवशी चिंचेखाली सगळे जमले. दोन्ही कुटुंबं तेव्हा शेजाऱ्यांच्या गोठ्यांत राहत होती. मिस्त्रींनी कागद हातात धरला आणि कीर्तनाला उभं राहावं तसं वाचलं. मधल्या भिंतीचा आकडा आला तेव्हा थोरला म्हणाला, "भिंतीला एवढं?"

"भिंत म्हंजे भिंत. नको असंल तर सोडा. मंग येका दारात, येका चुलीत काम होतंय. पावसाच्या आत छप्पर चढवून देतो."

थोरल्याने धाकट्याकडे बघितलं. धाकट्यानेही बघितलं. कित्येक वर्षांनी पहिल्यांदा. मिस्त्रींनी माझ्याकडे बघून टॉवेल नीट केला. जिंकलो, असा त्याचा अर्थ.

तेवढ्यात मागून आवाज आला. "ओ मिस्त्री, जरा इकडं या. तू पन ये गो बाय."

थोरल्याची बायको होती. चांगली उंच, बांगड्या कोपरापर्यंत सारलेल्या. ती आम्हाला जळक्या घराच्या मागच्या अंगाला घेऊन गेली. तिथे तिची धाकटी जाऊ आधीच उभी होती. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या तेव्हाच आमच्या काहीतरी लक्षात यायला हवं होतं.

"भिंत नाय, तर आमी दोघी हितं राहनार नाय," थोरली म्हणाली.

मिस्त्री समजुतीच्या सुरात म्हणाले, "अगो, भाव भाव येक होतील. इतक्या वरसांनी देवानं आग लावून वाट केली हाय."

"ते येक व्हते तवाच कुऱ्हाड निघाली व्हती. तुमी व्हतात का धरायला? मी व्हते. हे बघा." तिने मनगटावरचा एक पांढरा व्रण दाखवला.

धाकटी हळू बोलणारी होती. ती म्हणाली, "भिंत झाल्यापासनं दोघं गपगुमान जेवतात, मिस्त्री. आमच्या पोरांना झोप लागते. आमचं दोघींचं तर कवाच बंद नव्हतं. पान्याला, लावनीला, मागल्या दारी, आमी येकच."

"तरी पन भिंत ती भिंतच," मिस्त्री म्हणाले. "पुरुषांनी रागात घातलेली..."

"पुरुषांनी?" थोरली हसली. "कुडाच्या काठ्या रानातनं आमी दोघींनी आनल्या. शेन-माती आमी लिंपली. हे दोघं नुसते दोन बाजूंना तोंड फिरवून बसले व्हते."

मिस्त्री तिथल्याच एका जळक्या तुळईवर बसले, आणि मग त्यांच्या खांद्यांना कंप सुटला. मला वाटलं रडतायत. हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. उठले तेव्हा पँटीची मागची बाजू काळीकुट्ट झाली होती.

"मंग आता भिंत कितीला सांगू?"

"खरी सांगा," थोरली म्हणाली.

"आनि आकडा उतरला कसा म्हनून विचारलं तर?"

"ते तुमचं तुमी बघा. चढवताना आमाला इचारलं व्हतं का?"

मिस्त्री चिंचेखाली परत आले, कागद उघडला, डोळ्यांसमोर नेला, लांब धरला, आणि जोरात म्हणाले, "अरेरे! घोटाळा झाला. ह्या टाइपवाल्या बायनं भिंतीवर येक शून्य जादा मारलं!"

दोन्ही भावांनी, त्यांच्या मुलांनी, पारावरच्या म्हाताऱ्यांनी, सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. एक म्हातारा म्हणाला, "पोरगी शिकलेली दिसते." मी काय बोलणार? मागे दोघी जावा पदर तोंडात घालून उभ्या होत्या. नंतर वर्षभर त्या गावात मला 'शून्यवाली' म्हणत. एसटीत एक बाई दुसरीला माझी ओळख करून देताना मी स्वतः ऐकलं आहे.

घर पावसाआधी उभं राहिलं. भिंत झाली, विटांची, चांगली मजबूत. चुलीच्या बाजूला ती आली तेव्हा मिस्त्रींनी बाकीच्या गवंड्यांना चहाला पाठवलं आणि तिथलं काम एकट्याने केलं. जावांनी मागून घेतलं होतं ते असं: दोन्ही बाजूंनी कोनाडा दिसावा, पण मधे वीट नसावी. पुढे दोन्हीकडे मडक्यांची उतरंड रचली की कुणाला काही दिसत नाही. मडकं जरा सरकवलं की वाटी इकडून तिकडे.

"भावांना कळलं तर?" मी विचारलं.

"पुरुष मानूस मडकी कवा हलवतो?" मिस्त्री म्हणाले.

खूप वर्षांनी शहापूरच्या बाजारात थोरला भाऊ भेटला. आता पिकला होता. मी धीर करून भिंतीचा विषय काढला. तो मिशीत हसला. "कोनाड्याचं म्हनतेस? आमाला काय कळत नाय व्हय? माझी बायको सुकटीत चिंच घालत नाय. धाकटी घालते. पहिल्या आठवड्यातच वळखलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर बुजवायला लागला असता," तो म्हणाला, आणि कोथिंबिरीचा भाव विचारायला पुढे गेला.

मी हे मिस्त्रींना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडून ते दोनदा वदवून घेतलं. तोवर काळ बदलला होता. टाइपरायटर जाऊन कंप्युटर आला होता. मुरबाडच्या माळांवर बंगल्यांच्या रांगा उठत होत्या आणि तिथल्या लोकांना अंदाज नको, चौरस फुटाचा रेट हवा असे. मिस्त्री कधीमधी ऑफिसात येऊन बसत. कंप्युटरला 'रुसवा' लिहिता येतो का, असं त्यांनी एकदा विचारलं. मी लिहून दाखवला. छापूनही दिला. तो कागद त्यांनी घडी करून टॉवेलात खोचला.

नंतर त्यांचं येणं कमी झालं. छातीचं दुखणं होतं. एका उन्हाळ्यात ते गेल्याची बातमी डोळखांबच्या एसटीच्या कंडक्टरने दिली.

काही दिवसांनी मी त्यांच्या पाड्यावर गेले. वाटलं होतं, सुनं घर असेल, दोन बायका बसलेल्या असतील. वळणावरूनच गलका ऐकू आला. त्यांच्या छपरावर दहाबारा माणसं चढलेली होती. पावसाआधी कौलं परतायची असतात, आणि यंदा ती परतायला घरात कुणी नाही हे कुणाच्या तरी लक्षात आलं असणार. कुणी किन्हवलीचा, कुणी मुरबाडकडचा, बहुतेक मिस्त्रींनी घर बांधून दिलेले, काहींना मी ओळखतही नव्हते. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं, त्यामुळे कुणी कुणाचं ऐकतही नव्हतं. फुटकी कौलं कुठे ठेवायची यावरून वर जोरदार भांडण चाललं होतं.

खाली अंगणात मिस्त्रींची बायको उभी होती. कपाळावर हात आडवा धरून वर बघत ती सगळ्यांवर ओरडत होती, "हळू रे! हळू पाय टाका! वासा मोडाल!" मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तिने माझ्याकडे न बघता माझा हात धरला.

मग आम्ही आत गेलो. वरची बरीच कौलं काढलेली होती. उन्हाचा एक मोठा चौकोन खाली आला होता आणि मिस्त्रींच्या रिकाम्या खाटेवर पसरला होता. त्यात धूळ तरंगत होती. तिने खाटेवरची गोधडी झटकली, घडी केली, आणि वर तोंड करून हाक मारली, "चा टाकते रे. किती जन हायत?"

वरून एकदम चारपाच वेगवेगळे आकडे आले.