विनूभैया आता गात नाहीत

हे मी आजवर कुठे छापलं नाही, घरीही सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो.

रायपूरच्या लग्नांत आणि ऑटोंत एकेकाळी ज्या चौघांच्या बँडची गाणी वाजायची, त्याचे गायक विनूभैया. बँड फुटला, नवी गाणी आली, लोक विसरले. विनूभैयांनी गोल बाजारात भांड्यांचं दुकान टाकलं. मी तेव्हा वर्तमानपत्रात अशा विसरलेल्या कलावंतांवर सदर लिहीत होतो, म्हणून त्यांच्याकडे गेलो.

मला काय हवं होतं? उदास माणूस. तोच वाचला जातो — हे मला पक्कं ठाऊक होतं.

विनूभैया उदास नव्हते. कढई पुसताना गात होते, सुटे पैसे शोधताना गात होते. एका बाईंनी जुनं गाणं मागितलं, तर म्हणाले, "पयले कुकर घ्या दीदी, मंग गाणं. शिट्टी फुकट." बाईंनी कुकर घेतला. ते गायले — आणि चांगलं गायले.

आणि मी लिहिलं, की ते आता गात नाहीत.

ऐकण्यात चूक झाली नव्हती. संपादकांनी काही बदललं नव्हतं. वाक्य माझं होतं. फोटोसाठी त्यांना मागच्या गोदामात बसवून दिवाही मीच बंद करायला लावला. पेपरवाल्याला फोटोतलं कळत असेल, असं समजून त्यांनी तो केला.

लेख गाजला. मग? गिऱ्हाइकं दुकानात हळू आवाजात बोलू लागली. चौबे कॉलोनीच्या गणपतीत विनूभैया दरवर्षी लोकांना नाचवायचे. त्या वर्षी पहिल्याच ओळीला टाळ्या पडल्या — लांबलचक, आजाऱ्याला धीर द्यावा तशा. कोणी नाचलं नाही. गाणं अर्धं सोडून ते खाली उतरले आणि गर्दीत उभ्या असलेल्या माझ्यापाशी आले.

"काहून लिवलं भाऊ तसं? मी तं तुमच्यासमोरच गाऊन राहिलो होतो ना."

छपाईत गडबड झाली, मी म्हणालो. हे दुसरं खोटं.

"हव," ते म्हणाले. एवढंच.

दुरुस्ती दोन ओळींची होती. छापणं माझ्या हातात होतं — छापली नाही. सदर जोरात चाललं होतं. त्या गणपतीनंतर विनूभैयांना गाताना कोणी ऐकलेलं नाही. मी चौकशी केली आहे, ती माझी सवय आहे.

परवा बायकोसोबत कुकरचं रबर आणायला त्यांच्या दुकानात गेलो. त्यांनी माप पाहिलं, रबर कागदात गुंडाळून दिलं, मला नमस्कार केला.

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "किती शांत माणूस आहे."

मी हो म्हणालो.