प्रणिताचं वीसचं पान

प्रणिता गेल्याचं मला अक्षयने सांगितलं. सकाळी मी डबा भरत होते. फोन उचलला तर तो एवढंच म्हणाला, "वंदनाताई, प्रणिताताई गेल्या. पहाटे. विनोदभाऊंचा फोन आलता मले." मी फोन ठेवला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. त्या क्षणी मनात सगळ्यात आधी काय आलं, ते इथे लिहायला नको वाटतं... विनोदभाऊंनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, फोन अक्षयला केला, मला नाही. बारा वर्षं तिच्या शेजारच्या टेबलावर बसलेली मी, आणि बातमी मात्र ऑफिसातल्या सगळ्यात नव्या पोराला आधी. रडू त्यानंतर आलं. आज सहा आठवडे होतील. ऑफिसात सगळ्यांनी तिच्यावर लिहायचं ठरलं तेव्हा वाटलं, तिच्या चांगुलपणाबद्दल सगळेच लिहितील, बोलतील. मला तिचा हेवा वाटायचा. माझ्याजवळ तिच्याबद्दल खरं असं सांगण्यासारखं तेवढंच आहे, तर तेच सांगावं.

आमचं ऑफिस यवतमाळात, एका हार्डवेअरच्या दुकानावर, दोन खोल्यांचं. कापसातून सरकी काढणारी जिनिंग, कृषी केंद्रं, एखादी शाळा, असल्या लोकांना लागणारी सॉफ्टवेअर आम्ही करतो. मालक मिलिंदसर पुण्यात नोकरी करून गावी परत आलेले. मी इथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजातून निघालेली. घरात वडील, काका, सगळे ऑफिसात खुर्चीवर बसून काम करणारे. प्रणिता मारेगावकडची, घरी कापूस आणि तूर. बी.एस्सी. करून संगणकाचा एक कोर्स केलेला, तेवढ्यावर ती आमच्याकडे लागली. कामही तिला प्रोग्रॅम लिहिण्याचं नव्हतं. आम्ही बनवलेलं तपासायचं, गिऱ्हाइकाकडे जाऊन बसवून द्यायचं आणि त्यांचे फोन घ्यायचे. पुण्याच्या बड्या गिऱ्हाइकाशीसुद्धा ती "थांबा, पाहून सांगतो तुमाले" असंच बोलायची. मी शेजारी बसून ओशाळायची. आणि ते गिऱ्हाईक पुढच्या वेळी फोन करून तिलाच मागायचं. थंडीत ती घरच्या तुरीच्या ओल्या दाण्यांची, सोल्यांची, भाजी आणायची. जेवायला बसलो की सगळ्यांचे हात आधी तिच्या डब्यात जायचे. माझ्या डब्यातली मेथी मी मुकाट्याने संपवायची. इतक्या बारीक गोष्टीही मला दिसायच्या, यावरून समजा.

तरी तोवर माझी एक जागा पक्की होती. नवं काम आलं की मिलिंदसर माझ्या टेबलापाशी यायचे. "वंदना, किती दिवस लागतील याला?" मी जरा विचार करून आकडा सांगायची आणि तोच आकडा गिऱ्हाइकाला जायचा. मग एक दिवस सरांनी पत्ते आणले. त्यांच्या पुण्याच्या कंपनीत तसं करत असत. प्रत्येकाच्या हातात सारखीच पानं: एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा, वीस. सर एकेक काम वाचून दाखवणार. ते काम केवढं मोठं वाटतं त्याचं पान प्रत्येकाने उपडं टाकायचं आणि सगळ्यांनी एकदम उलटायचं, म्हणजे कुणी कुणाचं बघून टाकायला नको. मग ज्याचं पान सगळ्यात मोठं आणि ज्याचं सगळ्यात लहान, त्या दोघांनी कारण सांगायचं, आणि पुन्हा पानं टाकायची... सगळे जवळपास एका आकड्यावर येईपर्यंत. माझे सासरे हे ऐकून म्हणाले होते, "म्हणजे तुम्ही ऑफिसात बसून पत्ते कुटता!" मी हसले खरी, पण मला ते पत्ते पहिल्या दिवसापासून आवडले नव्हते. इतके दिवस माझा आकडा हा आकडा होता. आता तो पाचांतला एक झाला.

आणि त्या पाचांत प्रणिता होती. आम्ही तीन टाकायचो तिथे ती आठ टाकायची, पाचाला तेरा. कारण विचारलं की तिला धड मांडता यायचं नाही. "मले तसं वाटते बापा," म्हणायची, मग डोकं खाजवायची, मग गिऱ्हाइकाकडच्या कुठल्या तरी माणसाची गोष्ट सांगायची. 'तो टाइप करणारा मुनीम चष्मा घरी विसरते', 'त्या दुकानात दुपारी लाइन जाते', असलं काहीतरी. आम्ही तिला समजावून आमच्या आकड्यावर आणायचो. आणि काम संपता संपता कळायचं की लागायला तितकंच लागलं, जितकं तिचं पहिलं पान होतं. हे कुणी बोलून दाखवत नसे. मी मात्र मनात नोंद ठेवायची. पुढे पुढे तर मी तिच्या हाताकडे बघू लागले. मोठं पान काढायचं असलं की ती पत्त्यांच्या अगदी उजवीकडे अंगठा न्यायची. ते हेरून मीही मोठं पान टाकायची. एकदा लागोपाठ तीन कामांना आम्हा दोघींची पानं सारखी पडली. सर म्हणाले, "वा, दोघींचं जुळायला लागलं!" प्रणिताने खूश होऊन माझ्या पाठीवर थाप मारली. त्या दिवशी मला स्वतःची जेवढी चीड आली, तेवढी क्वचितच आली असेल. त्यानंतर मी तिच्या हाताकडे बघणं सोडलं.

मग दिग्रसच्या जिनिंगचं, आमच्या जुन्या गिऱ्हाइकाचं, नवं काम आलं. कापसाच्या गाड्यांचं वजन काट्यावरून थेट संगणकात यावं, कुणाला हाताने आकडे भरावे लागू नयेत, असं त्यांना हवं होतं. पत्ते टाकायच्या दोन दिवस आधी दुपारी ऑफिसात फोन वाजला. प्रणिता बँकेत गेली होती, म्हणून मी उचलला. पलीकडे जिनिंगवरचे काटेवाले शेषरावभाऊ. "प्रणिताताई नाई का? त्यायले सांगजा, काट्याचं डबडं बदललं अमदा. आकडा कधी येते, कधी मांगचाच राहते." म्हणजे वजन दाखवणारा डबा यंदा नवा बसवला होता आणि तो कधी कधी आधीच्याच गाडीचा आकडा दाखवत राहायचा. सांगते म्हणून मी ठेवला आणि विसरले. खरंच विसरले होते. पण दोन दिवसांनी सरांनी ते काम वाचलं, आम्ही पानं उलटली, माझं तीन, बाकी तिघांचं पाच आणि प्रणिताचं वीस... तेव्हा मला तो फोन लख्ख आठवला.

सर म्हणाले, "बोला, दोघी."

"मले त्या काट्याचा भरोसा नाई वाटत," प्रणिता म्हणाली. "मांगं गेलती मी, तं शेषरावभाऊ डबड्याले थापड मारून मारून वजन घेत होते."

मी म्हणाले, "अगं, थापडेचा अंदाज कसा लावायचा आम्ही?"

सगळे हसले. तीही हसली. मग मी उठून फळ्यावर चौकोन काढून नीट समजावलं, काटा इथे, संगणक इथे, मधे एवढंच काम. बोलण्यात माझा हात धरणारं तिथे कुणी नव्हतं. दुसऱ्या फेरीला मी पाचावर आले, तिने तेरा टाकलं. तिसऱ्या फेरीला तिनेही पाच टाकलं. फोनबद्दल मी बोलले नाही. बोलले असते तर त्या खोलीत सगळ्यांसमोर तिचं वीस खरं ठरलं असतं, एवढंच कारण. जिना उतरताना ती म्हणाली, "तुले चांगलं बोलता येते वंदना. माह्या मनात असते, पन मांडताच नाई येत." मी त्या संध्याकाळी घरी गाणं गुणगुणत स्वयंपाक केला.

दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला आणि काट्याने दगा दिला. एका गाडीचं वजन पुढच्या गाडीच्या नावावर पडू लागलं. गाड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत गेली, शेतकरी भडकले, जिनिंगवाल्यांनी सरांना नको ते सुनावलं. प्रणिता त्याच दिवशी एसटीने दिग्रसला गेली आणि तिथे मावशीकडे राहून नऊ दिवस काट्यापाशी बसली. प्रत्येक गाडी चढली की डब्यावरचा आकडा आणि संगणकातला आकडा वहीत लिहायचा, मला फोनवर सांगायचा, मी इथून प्रोग्रॅम बदलायची. जमलं शेवटी. ती परत आली तेव्हा सरांनी उठून टाळ्या वाजवल्या. चूक माझी आणि टाळ्या तिला, असं माझ्या मनात आलं, आणि लाज वाटण्याऐवजी रागच आला. 'मी वीस म्हणत होती' एवढं तरी तिने एकदा म्हणावं, म्हणजे भांडता येईल, याची मी वाट पाहिली. ती कधीच म्हणाली नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात तिला कॅन्सर निघाला. नागपूरच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि पोळ्याच्या सुमारास डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. मी भेटायला गेले. ती खाटेवर, उशीला टेकून, वाळून गेलेली. ऑफिसातलं इकडचं तिकडचं बोलणं झालं. विनोदभाऊ चहा ठेवायला आत गेले आणि मी तिला शेषरावभाऊंच्या फोनचं सांगून टाकलं. सगळं. वाटलं होतं, ती म्हणेल, जाऊ दे, होऊन गेलं. सिनेमात म्हणतात तसं.

ती उशीवरून जरा सरळ झाली. मग म्हणाली, "हे मले आता कायले सांगून राह्यली तू?"

विनोदभाऊ येतात का म्हणून मी आतल्या दाराकडे पाहिलं.

"पोरीचं शाळेत गॅदरिंग होतं त्या हप्त्यात. पयल्यांदा नाचली ते स्टेजवर, अन् मी काट्यापाशी. इतके दिवस मी सोताले म्हनत होती, का मीच पाचाचं पान काहून टाकलं. धरून ठेवाचं होतं मी वीस. माहीच चूक वाटे मले." तिला धाप लागली. "तुह्यं हलकं झालं, वंदना. आता मी याचं काय करू?"

"प्रणिता, मी..."

"जाय आता. थकली मी."

चहा न घेताच मी निघाले. त्यानंतर आठ दिवसांनी अक्षयचा तो फोन आला. विनोदभाऊंनी मला का कळवलं नाही, हे कुणी सांगायची गरज नव्हती. बहुधा आत चहा ठेवताना त्यांनी सगळं ऐकलं असावं.

ती गेल्यानंतर आमच्याकडे पहिल्यांदा पत्ते टाकले तेव्हा पानं उलटून झाल्यावर सगळे एकदम गप्प झाले. कुणी मोठं पान टाकलंच नव्हतं. सर खिडकीबाहेर बघत राहिले, अक्षयने डोळे पुसले. आणि मी... मी विचार करत होते की मी नसताना ही खोली अशी थांबेल का. मेलेल्या माणसाचाही हेवा करता येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

मागच्या आठवड्यात, हंगामाआधी काटा तपासायला दिग्रसला कुणी जायचं असा प्रश्न आला तेव्हा मी हात वर केला. इतक्या वर्षांत मी ते जिनिंग पाहिलं नव्हतं. शेषरावभाऊ म्हणजे साठीचा, बारीक चणीचा माणूस. मला बघून माझ्या मागे नजर टाकत म्हणाले, "प्रणिताताई नाई आल्या?" त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. मी सांगितलं. ते काट्याच्या खोलीतल्या बाकावर बसले, डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. रिकामी गाडी घेऊन आलेल्या ड्रायव्हरने हॉर्न दिला तर हातानेच 'थांब' म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तुमी कोन त्यायच्या?"

"सोबत काम करत होते."

"मंग आता काट्याचं काही झालं तं कोनाले सांगू?"

मला सांगा, म्हटलं. त्यांनी फोन काढून माझ्या हातात दिला, नंबर तुम्हीच टाका म्हणाले. नंबर टाकून मी नाव लिहू लागले तर म्हणाले, "ते नाव नाई राहत माह्या ध्यानात. प्रणिताताईच लिहा. म्हंजे सापडते मले." त्यांच्या फोनात प्रणिताताई आधीच होती. तिच्या खाली मी 'प्रणिताताई २' असं लिहिलं. माझं नाव वंदना आहे, तेवढं तरी लिहू द्या, असं अगदी ओठांवर आलं होतं.

काल दुपारी त्यांचा फोन आला. "हालो, प्रणिताताई?"

"बोला शेषरावभाऊ," मी म्हणाले, आणि पेन घेतलं.