दुसरं रक्त

गौरीच्या दिवशी आमच्याकडे तिखटाचा नैवेद्य असतो. मटण, वडे. आई गेल्यापासून थोरली सून म्हणून तो आमची हीच करायची, आणि नैवेद्य दाखवेपर्यंत पाण्याशिवाय तोंडात काही घालायची नाही. त्यामुळे त्या सकाळी वड्यांचं पीठ मळताना छातीत जळजळलं, जबडा दुखायला लागला, तेव्हा आमच्या लालबागच्या चाळीत सगळ्यांनी एकच ठरवलं: रिकाम्या पोटाचं पित्त. धाकट्या भावाची बायको सोडा घेऊन धावली. मी कोणाचं ऐकलं नाही. टॅक्सीत घातली आणि परळला इस्पितळात नेली.

कार्डिओग्राम काढला, रक्त घेतलं. डॉक्टरीण आमच्या नातीच्या वयाची. म्हणाली, "आजी, दोन्ही ठीक आहेत. पण तीन तासांनी परत रक्त घेणार. हार्टला इजा झाली की रक्तात एक पदार्थ उतरतो, तो दिसायला वेळ लागतो. आत्ता नाही दिसला म्हणजे काही नाहीच, असं नसतं."

मी चौथी शिकलेला, मला कळलं. हिलाही कळलं होतं.

"रिपोर्ट चांगला आलाय ना? मग बसून काय करू? गौर उपाशी आहे घरी."

"गौर थांबेल गो. तू थांब."

"तुम्हीच बसा. तुम्हाला इथला एसी आवडलेला दिसतोय."

डॉक्टरीण हसली, मग हात धरून पुन्हा समजावलं. ही आपल्या जबाबदारीवर सही करून निघाली. मी शिव्या घालत मागोमाग.

दारातूनच जावेला ओरडली, "नॉर्मल आलाय गो! हे उगाच घाबरवतात." वडे तळले, नैवेद्य दाखवला, सगळ्यांना वाढलं. स्वतः जेवायला बसली आणि ताटावरच कलंडली.

परत तेच इस्पितळ, तीच पोरगी. दुसरं रक्त तेव्हा घेतलं. त्यात तो पदार्थ भरपूर निघाला. तो कागद येईपर्यंत ही गेली होती.

चाळीतल्या बायका हिच्या पाया पडल्या. सवाष्ण गेली, तीही गौरीच्या दिवशी, केवढी भाग्याची! अजून भेटायला येतात आणि हेच बोलतात. पुतण्या म्हणतो, "काका, थांबली असती तरी काय सांगता येतं?" नसेल सांगता येत. पण डॉक्टर उशाशी असती.

आता भाग्याचं बोलायला कोणी आली की मी तोंडावर सांगतो, "बाई, तुझ्या छातीत दुखलं तर दुसरं रक्त देऊन ये. मग बस माझ्यासमोर."