पितृपक्षातला दसरा

खरं सांगते, धाकट्या जावेचा कॉम्प्युटर घरात आला तेव्हा माझ्या पोटात दुखलं. नऊ वर्षं मी कर्जतला स्टेशनाजवळच्या दुकानात, दुसऱ्याच्या मशीनवर लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरतेय. उत्पन्नाचे दाखले, पोरांचे प्रवेश, सगळं. आमचं घर चौक गावाच्या अलीकडे, जुन्या हायवेला लागून. पडवीत आपलं स्वतःचं दुकान टाकायचं, हे मी लग्न झाल्यापासून बोलून दाखवत होते. पण आमच्या ह्यांनी टेंपो घेतला आणि माझं बोलणं त्या टेंपोखाली गेलं. पुढे दीर खालापूरच्या कंपनीत कायम झाले, तर दोन वर्षांपूर्वी आलेल्या बायकोला म्हणाले, तू बस पडवीत, फॉर्म भर. ती तेव्हा दोन बोटांनी टाइप करायची. आयत्या पिठावर रेघोट्या, दुसरं काय!

खोकं आलं ते नेमकं पितृपक्षात. सासूबाईंनी दारातच अडवलं. "पितरांच्या पंधरवड्यात नवी वस्तू सुरू करतात का गं? दसऱ्यापर्यंत ऱ्हाऊ दे खोक्यात." पण जोडणी करायला आलेला माणूस पुन्हा कधी उगवेल याचा भरवसा नव्हता. तेव्हा अक्कल पाजळली ती मीच. म्हटलं, आई, मी त्याच्यात दसऱ्याची तारीख लावते, म्हणजे त्याच्या लेखी दसराच, दोष नाही. इंटरनेटवरून वेळ आपोआप घ्यायचं बटण बंद केलं, तारीख पुढे सरकवली, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. सासूबाई शेजारपाजारी सांगत सुटल्या, आमची थोरली लय हुशार हाय. पूजा उरकली की तारीख परत लावायची होती. कौतुकाच्या भरात विसरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटीचा फोन. "ताई, फॉर्मची साइट खुलतच नाय. लाल त्रिकोण येतो आन लिवलंय, तुमचं कनेक्शन खाजगी नाही. काही साइटी खुलतात, काही नाय खुलत. काय करू?"

मला तिथल्या तिथे कळलं. हे तर आमचं रोजचं दुखणं. प्रत्येक साइटला सुरक्षेचं एक प्रमाणपत्र असतं आणि त्याला मुदत असते. मशीनची तारीख पुढे गेली, की चांगलं चालू प्रमाणपत्रही त्याला मुदत संपलेलं दिसतं. ज्यांची मुदत अजून लांब आहे त्या साइट उघडतात, ज्यांची जवळ आलीय त्या अडतात. दुकानात कुणी ही तक्रार घेऊन आलं, की मी आधी खालच्या कोपऱ्यातली तारीख बघायला सांगते. मग तीच साइट मोबाइलवर उघडून बघायला लावते. आणि काही झालं तरी धोका पत्करून पुढे जाऊ नका, म्हणून बजावते. परक्यांना हे सगळं मी फुकट सांगते. तिला म्हटलं, "साइटच बिघडली असेल. वाट बघ."

फोन ठेवला आणि बरं वाटलं. लाज वाटली असं लिहायला पाहिजे, पण नाही वाटली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी ठाकूरवाडीतली एक बाई मुलीला घेऊन कर्जतच्या दुकानात माझ्यापुढे उभी राहिली. मुलीच्या नर्सिंगच्या फॉर्मला एकच दिवस उरला होता. "चौकच्या ताईंनी धाडलं," ती म्हणाली. "म्हणाल्या, आमच्या थोरल्या ताईंकडं जा, त्यांच्यावानी कुणाला येत नाय." फॉर्म मी पटकन भरून दिला. एवढ्याशा कामासाठी त्या मायलेकींचा अख्खा दिवस मोडला होता, आणि तो मी मोडला होता. तरी घरी जाऊन बोलले नाही. उलट धाकटीने माझं कौतुक केलं याचाच राग आला. एवढं चांगलं वागायचं काय अडलंय हिचं?

चार दिवस तेच चाललं. शेवटी सासूबाईंनी निकाल दिला. "पितरांना नाय आवडलं. आठ दिवसांत परत घेतो म्हणलाय ना दुकानदार? देऊन टाका." दीरही वैतागले होते. रविवारी सकाळी खोकं माळ्यावरून खाली आलं. धाकटी रडली नाही, नुसती खोक्यातला थर्माकोल पुसत बसली. मी खोकं धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, जाऊ दे एकदाचा.

"शेवटचं एकदा लावून बघते," ती म्हणाली. लाल त्रिकोण आला. त्याच्या खाली 'प्रगत' असं लिहिलेलं असतं, ते तिने दाबलं आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागली. तुमच्या कॉम्प्युटरचं घड्याळ सध्या अमुक तारीख दाखवत आहे. ते बरोबर आहे का?

तारीख दसरा उलटून गेल्यानंतरची होती. आमच्या घरात अजून सर्वपित्री व्हायची होती.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "ही तर तू लावली व्हतीस ना गं?"

मी हातातलं खोकं खाली ठेवलं.

"ताईंनी तवाच परत नीट लावली होती, आई," धाकटी म्हणाली. "मीच मागून हात लावला. मला काय कळतंय त्यातलं."

मग सासूबाई तिला बोलल्या, घटकाभर बोलल्या. घर डोक्यावर घेतलंस, पितरांना बोल लावायला लावलास. तिने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं, आणि मी ते तिला ऐकू दिलं.

त्या उठून गेल्यावर धाकटीने तारीख नीट केली. वेळ आपोआप घ्यायचं बटण कुठे आहे, हे तिने मला विचारलं नाही. मी ते बंद करताना ती शेजारीच उभी होती. साइट उघडली. ती खुर्चीवरून उठली आणि मला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणाली, "बसा ताई. मला शिकवा सगळं. पुन्ना फोन करायची पाळी नको."

नऊ वर्षं मला ती खुर्ची हवी होती. त्या दिवशी बसले, पण बूड टेकेना.

आता ती दहा बोटांनी टाइप करते, माझ्यापेक्षा भराभर. तेही मला खुपतं. सासूबाई अजून आल्यागेल्याला सांगतात, धाकटीनं तारीख बिघडवली व्हती, थोरलीनं शिकवलं म्हणून निभावलं. ती हसते आणि चहा टाकायला आत जाते. माझं तोंड अजून उघडलेलं नाही.