डग्ग्याची पेटी आणि केरू गोताड

केरू गोताडला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याला डोकं नव्हतं. खांद्यांपर्यंत माणूस आणि त्याच्यावर थेट एक भलामोठा रेडिओ. एस.टी. स्टँडमागच्या त्या जागेला दुकान म्हटलं तर कपाटांनी रागवावं. तिथे उभा राहून मी पाव तास त्या रेडिओला माझ्या ट्रान्झिस्टरची कर्मकहाणी सांगत होतो. रेडिओ अधूनमधून "व्हय, व्हय" म्हणे. शेवटी त्याच्या पोटातून धुळीने माखलेलं एक डोकं बाहेर आलं आणि म्हणालं, "सेल उलटं घातलंय तुमी."

केरू मूळचा गिरणी कामगार. संपात नोकरी गेली, तेव्हा लालबागला संध्याकाळच्या वर्गात शिकलेली रेडिओदुरुस्ती घेऊन तो रत्नागिरीला परतला. त्याची बायको जनी हिने १९८६च्या संक्रांतीला त्याला बजावलं होतं, की रामनवमीपर्यंत दुकानाचं बस्तान बसलं तर ठीक, नाहीतर पुन्हा मुंबई. केरूला मुंबई नको होती. बस्तान बसवणारं काम गावात एकच होतं, राममंदिराच्या उत्सवाचे लाऊडस्पीकर. ते ज्याच्याकडे, त्याच्याकडे गावातली लग्नं आणि गणपती आपोआप चालत येत. आणि ते काम होतं माझे शेजारी अण्णा मायदेव यांच्या हातात. कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले गोपाळकृष्ण मायदेव उत्सवाचे अध्यक्ष होते आणि कोर्ट घरीच चालवत.

अण्णांकडे एक पेटी होती. पुतण्याने मुंबईत बनवून आणलेली, तिजोरीएवढी, ॲम्प्लिफायर आतच बसवलेला. ती फक्त खर्जातले आवाज काढी. आता अशा पेटीला सबवूफर म्हणतात. अण्णा तिला डग्ग्याची पेटी म्हणत, कारण तिच्याशिवाय कॅसेटवरच्या तबल्याचा डग्गा त्यांना अळणी लागे. खाऱ्या हवेने तिची जाळी गंजली होती, स्क्रू तांबारले होते. त्या माघात पेटी घुमायला लागली. गाणं असो नसो, अखंड घूंऽऽ. गायकाने तान घेतली की तानेखाली घूंऽऽ, थांबला की नुसतंच घूंऽऽ. आमची भिंत सामाईक, त्यामुळे माझ्या ताटातली आमटीसुद्धा थरथरते असा मला भास होई.

"केरू," अण्णा म्हणाले, "ही पेटी गप्प कर. उत्सवाचं काम तुझं."

केरूने आणि मी ती रिक्षात घातली. केरू रिक्षाच्या मागून सायकलवर. दुकानात पेटी लावली, तर मौनव्रत! तरी केरूने जुना फुगलेला कंडेन्सर बदलला. घरी आणली. घूंऽऽ.

दुसऱ्या खेपेला त्याने सगळ्या वायरी बदलल्या. दुकानात शांत, घरी घूंऽऽ. तिसऱ्या खेपेला ट्रान्सफॉर्मर उचलून आडवा बसवला. दुकानात इतकी शांतता, की शेजारच्या सलूनमधली कात्री ऐकू येई. घरी आणली, तर आधीपेक्षा खणखणीत घूंऽऽ. माझी कंबर एव्हाना कायमची एका बाजूला झुकली होती.

"अरे मेल्या, तुझ्या दुकानात ही लाजते की काय?" अण्णा ओरडले.

"पेटीत काय नाय, अण्णा."

"मग माझ्या कानात आहे?"

चौथ्या खेपेला त्याने अण्णांचा टेपरेकॉर्डरही दुकानात नेला. दोघं मिळून तिथे गुणी बाळासारखे वाजले. घरी परतल्यावर केरूने पेटी लावली, ऐकलं, आणि पक्कड भिरकावली. पक्कड माझ्या पायावर आदळली. मी एक शिवी घातली, त्याने पेटीला तीन घातल्या आणि रागाच्या भरात अनवाणीच जाऊन तिची जाळी दोन्ही हातांनी धरली.

"आई गं!" हात झटकून तो मागे सरला. "झिणझिण्या येतायत!"

त्याने पिशवीतून होल्डरला लावलेला बल्ब काढला आणि प्लगच्या करंटाला नि अर्थिंगला जोडला. बल्ब लख्ख पेटायला हवा होता. आतली तार नुसती केशराच्या काडीसारखी लाल झाली, म्हणजे अर्थिंग जमिनीपर्यंत धड पोचतच नव्हतं. मग केरू गुडघ्यांवर रांगत अर्थिंगच्या तारेमागे निघाला. तार खिडकीतून बाहेर गेली, अंगण ओलांडून थेट तुळशीवृंदावनात शिरली. वृंदावनात तुळस अशी नव्हतीच, काटक्या होत्या.

"ही कोणाची अक्कल?"

"माझी," अण्णा छाती काढून म्हणाले. "वीज घेतली तेव्हा खाली सगळा कातळ. अर्थिंगच्या खड्ड्याला सुरुंग लागला असता. मी वायरमनला म्हटलं, तार तुळशीत पूर. आमची ही रोज कळशीभर पाणी घालते, माती कधी सुकायची नाही."

"काकू कुठं हायत?"

"संक्रांतीपासून पुण्याला. आमच्या लेकीचं, हेमाचं बाळंतपण."

"मग पाणी कोण घालतो?"

"मी घालतो की! रोज संध्या झाली की पळीभर."

केरूने अण्णांकडे बघितलं, मग माझ्याकडे. विहिरीवरून दोन कळश्या आणल्या आणि वृंदावनात ओतल्या. मातीने त्या चळ्ळ करून पिऊन टाकल्या. तिसरी ओतली. आतली घूंऽऽ हळूहळू बारीक झाली आणि गेली. मी इतका हरखलो की त्या घामट केरूला मिठी मारली.

अण्णा मात्र पलंगावर बसून साक्षीदार तपासत होते.

"म्हणजे पेटीत बिघाड नव्हताच?"

मी केरूला डोळ्याने खुणावलं, की म्हण थोडाफार होता. पण त्याला खोटं बोलता येत नव्हतं. "नाय अण्णा. पेटी चांगली होती."

"मग चार वेळा उघडलीस ती कशाला?"

मी मध्ये पडलो. कळशी आणि पळीतला फरक अण्णांना समजावून सांगितला, तेव्हा ते माझ्याशीही चार दिवस बोलेनासे झाले. उत्सवाच्या बैठकीत ते म्हणाले, "जो माणूस दोन महिने चांगली वस्तू दुरुस्त करतो, त्याच्या हातात रामाचा भोंगा द्यायचा?" हा मुद्दा सगळ्यांना पटला. काम चिपळूणच्या एका पार्टीला गेलं.

केरूने वैशाखात दुकान बंद केलं. तो भांडुपला एका कारखान्याच्या फाटकावर रखवालदार म्हणून लागला.