आईनं वाळत घातलेले सिगार

आमच्या आईचं, बनाबाईचं, जगात एकाच गोष्टीशी वैर आहे. ओल. होळी झाली की सांगवीच्या आमच्या घराच्या गच्चीवर तिचं राज्य सुरू होतं. कुरडया, सांडगे, मिरच्या, गादीतला कापूस, जे हाताला लागेल ते उन्हात. "ऊन लागलं की जिनसाला मरान न्हाय," असं ती म्हणते. माझी दहावीची पुस्तकंही तिनं एकदा वाळत घातली होती, आणि निम्मी पानं वाऱ्यानं शेजारच्या उसात गेली. मी बोंबललो तर म्हणाली, "वास मारत हुता त्यास्नी." अशा बाईच्या घरात सिगार ठेवायचा शहाणपणा मी केला.

सिगार आणले मामासाठी. आबाजीमामा निमगाव केतकीचा, आईच्या पाठचा भाऊ. अर्धं आयुष्य तो बोटीवर खलाशी होता आणि तिथल्या एका कप्तानानं त्याला सिगारची गोडी लावली. एरवी बिडीलाही न शिवणारा हा माणूस, घरात काही चांगलं झालं की एक सिगार पेटवायचा आणि तासभर राजासारखा बसायचा. माझ्या थोरल्या बहिणीच्या, योगिनीताईच्या लग्नात अक्षता पडल्यावर त्यानं असाच एक पेटवला. इकडं वरपक्षाची कुरबुर चाललेली, आमच्या वडिलांचं डोकं आधीच फिरलेलं. तात्यांनी, म्हणजे वडिलांनी, मामाच्या हातातला सिगार हिसकला आणि सगळ्या भावकीसमोर पायताणाखाली चिरडला. वर म्हणाले, "सायबाचं सोंग घरी करा, आमच्या मांडवात न्हाय." मामा न जेवता उठून गेला.

त्यानंतर तो आमच्या उंबऱ्यात आला नाही. भाऊबीजेला आई चंद्राला ओवाळू लागली. जिला भाऊ नाही ती बाई चंद्राला ओवाळते, हे आमच्याकडं पोरासोरांनाही ठाऊक असतं. निमगावला एसटीनं जाऊन जेवायला घरी परतता येईल एवढंच अंतर, आणि आई ताट घेऊन गच्चीवर उभी. अशा वेळी मला तात्यांचा इतका राग यायचा की त्यांच्या पंगतीला बसावंसं वाटायचं नाही. पण सर्जेरावांना, म्हणजे आमच्या तात्यांना, चुकलं म्हणायला लावणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं.

यंदा धाकट्या स्वरूपाचं लग्न ठरलं. नवरीला हाताला धरून मांडवात आणायचा मान मामाचा. मामा नसला तर तिथं कुणाला उभं करायचं, हे विचारायचीही घरात कुणाची छाती नव्हती. शेवटी स्वरूपानंच त्याला फोन लावला. "मामा, तुमी न्हाय आलात तर मी खोलीतनं भायेर पाऊल टाकणार न्हाय. आणि दादा तुमच्यासाठी सिगार आणणार हाय बरं का." मामा म्हणाला, रविवारी चहाला येतो, मग बघू. त्या 'बघू'वर आमचं अख्खं घर टांगलेलं होतं.

माझं बारामतीत ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. बेअरिंग हातात घेऊन सांगेन किती चालेल ते, पण सिगारमधलं मला ओ का ठो कळत नव्हतं. पुण्यातल्या दुकानदारानं मला खुर्ची दिली आणि पोराला पाढे शिकवावेत तसं शिकवलं. नवख्यानं सौम्य घ्यावा; आणि गडद रंगाचा म्हणजे जहाल, असं काही नसतं. दोन बोटांत धरून टोकापासून टोकापर्यंत अलगद दाबून बघायचा. कुठं गाठ नको, कुठं पोकळ नको, आणि कुरकुर वाजला तर खुशाल ठेवून द्यायचा. डोक्याकडचा जरासाच तुकडा कापायचा. ज्योतीत खुपसायचा नाही, ज्योतीच्या वर फिरवत शेकायचा. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात घोळवून सोडायचा, आणि घाई करायची नाही. "शेवटी चिरडू नका," तो म्हणाला. "ठेवून द्या. तो आपला आपण विझतो." तीन सिगार त्यानं एका पिशवीत घातले, आत एक ओलसर पुडी ठेवली आणि बजावलं की ही ओल गेली की सिगार गेला.

घरी येऊन मी हे सगळं ज्ञान पाजळलं. स्वरूपा खदखदून हसली. आई तेव्हा शेजारी पापड लाटायला गेली होती, इथंच माशी शिंकली. तात्या पेपरात डोकं घालून बसले होते, त्यांनी मान वर केली नाही. पिशवी मी देवघराखालच्या गार फडताळात ठेवली.

रविवारी दुपारी फडताळ उघडलं तर पिशवी रिकामी. ओलसर पुडी मागच्या दोरीवर चिमट्याला लटकत होती. मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो. पांढऱ्या धोतरावर कुरडया, आणि कुरडयांच्या मधोमध वैशाखाच्या उन्हात तीन सिगार ओळीनं झोपलेले. एक उचलून दाबला. पापडासारखा वाजला.

"आई, हे काय केलंस?"

"आरं, पान्याची पुडी हुती आत. बुरशी धरली असती. सकाळीच घातलं म्या." मग तिनं माझं तोंड बघितलं. "कुनाचं हाय ते?"

"मामाचं."

ती तिथंच तापलेल्या गच्चीवर बसली. पाणी शिंपडू का, म्हणाली. मी नको म्हटलं. एकदम ओल लागली तर सिगारवर गुंडाळलेलं पान फाटतं, हेही त्या दुकानदारानं सांगितलं होतं. आता पुणं गाठायला वेळ नव्हता, आणि सिगार नाहीत म्हणावं तर स्वरूपानं आधीच सांगून ठेवलेलं. खाली मोटारसायकल थांबली.

मामा पलंगावर बसला नाही, दाराजवळच्या खुर्चीवर बसला. टोपी मांडीवर. समोर तात्या. वर पंखा गरगरत होता. चहा झाला तरी दोघं पावसापाण्याचंही बोलेनात. मग मामाच म्हणाला, "ऋषिराज, काय आणलंयस म्हनं?"

मी ताटलीत सिगार पुढं केले. त्यानं एक घेतला, दोन बोटांत दाबला. कुरकुर सगळ्या खोलीनं ऐकली. मामानं सरळ तात्यांकडं बघितलं.

"दाजी, मागं पायाखाली घातला. आता जाळून ठिवला व्हय?"

तात्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी तोंड उघडलं असतं तर त्याच क्षणी सगळं संपलं असतं. मामानं टोपी घातली आणि तो उठला.

"म्या घातलं उनात," आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "तुझी चीज हाय, हे बी म्हाईत नव्हतं. ओल लागली हुती रं आबा. नासू ने म्हून घातलं."

मामा तिच्याकडं वळला. "आक्का," तो म्हणाला, "माजं शाळंचं दप्तर बी तू असंच वाळवलं हुतंस. गुरुजींनी मला बडवला."

तो येऊन पलंगावर बसला आणि त्यानं काडेपेटी मागितली. सिगार भराभरा जळू लागला, वरच्या पानाच्या कपच्या त्याच्या सदऱ्यावर पडल्या. कडू असणार, कारण प्रत्येक झुरक्याला त्याचे डोळे मिटत होते. निम्म्यात खोकला आवरेना, तेव्हा त्यानं तो बशीत ठेवला. धूर घरभर झालेला. ही ब्याद विझवावी म्हणून मी हात पुढं केला.

तात्यांनी माझं मनगट धरलं.

"हात लावू नगं. त्यो आपला आपण इझतो."

एवढं बोलून ते उठले, बशीला वारा लागू नये म्हणून पंखा बंद केला आणि परत येताना आपली खुर्ची सोडून मामाच्या शेजारी पलंगाच्या कडेवर टेकले. वैशाखातली दुपार, वाऱ्याचा पत्ता नाही. आम्ही सगळे घामानं निथळत त्या बशीकडं बघत होतो. धुराची दोरी बारीक होत गेली, मग तुटली. माझा तात्यांवरचा इतक्या वर्षांचा राग त्या उकाड्यात कुठं गेला ते मला कळलं नाही.

"स्वरूपे," मामा म्हणाला, "शालू कसल्या रंगाचा घेतलायस? मला फेटा त्याला शोभंल असा पायजे."

आईनं पदरानं तोंड पुसलं. भावापुढं येऊन उभी राहिली आणि त्याच्या सदऱ्यावरच्या कपच्या एकेक करून वेचू लागली.

"दिवाळीला बी ये रं," ती म्हणाली. "चंद्र लई लांब पडतो."