फ्रीजमधलं विरजण

आमच्या पार्ल्याच्या कॉलेजात खंडेनवमीला मायक्रोस्कोपलासुद्धा झेंडूची माळ घालतात. घाला की, माझं काय जातंय! माझा राग आहे तो त्याआधीच्या साफसफाईवर.

माझी अख्खी पीएचडी तेव्हा एका फ्लास्कमध्ये होती. माझे बाबा गुडघेदुखीवर ज्या गोळ्या घेतात, त्यातलं औषध शरीरात सगळं जिरत नाही. उरलेलं गटारातून नाल्यात आणि नाल्यातून खाडीत जातं. ते औषध खाणारे जिवाणू मी गोरेगावच्या एका नाल्यातल्या गाळातून मिळवले होते. क्षारांच्या पाण्यात तो गाळ घालायचा आणि खायला फक्त औषध द्यायचं. ज्याला पचेल तो जगेल. मग त्यातलं चमचाभर नव्या फ्लास्कमध्ये. लॅबमध्ये आम्ही त्याला विरजणच म्हणायचो. पुढे तो नाला सिमेंटने बांधून काढला, त्यामुळे तसला गाळ पुन्हा मिळणार नव्हता. माझी मुदतवाढही शेवटचीच होती.

नेमकं खंडेनवमीला बाबांना डॉक्टरकडे न्यायचं होतं, म्हणून मी मुलुंडला घरीच राहिले. लॅबमध्ये नवे शिपाईमामा आले होते. त्यांना फोनवर बजावलं, "मामा, काय हवं ते धुवा, पण फ्रीजमधल्या विरजणाला हात लावू नका हां."

"गळ्याशपथ नाही लावणार, मॅडम."

दसऱ्याची सुट्टी संपल्यावर येऊन फ्रीज उघडला. आत सगळं लख्ख. मधल्या फळीवर स्टीलची झाकलेली वाटी, वर झेंडूचं फूल. झाकण काढलं तर आत दही! कुणाच्या तरी डब्यातलं, आंबून गेलेलं.

फ्लास्क कुठेच नव्हता. "मामा, इथला गढूळ पाण्याचा फ्लास्क?"

"ते होय? वास मारत होतं. ओतलं सिंकमध्ये."

"वाट लावलीत हो माझी!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या वर्गातलं शिकवणं थांबलं.

मामांचा चेहरा एवढासा झाला. "तुम्हीच म्हणालात ना, विरजण."

मी सिंकपाशी धावले. "नंतर फिनेल टाकलंत?"

"कधीचं मागतोय, ऑफिस देईना. सुट्टीत नळालाही पाणी नव्हतं."

देवा! आयुष्यात पहिल्यांदा मी ऑफिसच्या ढिलाईला हात जोडले. सिंकखाली पाणी अडून राहणारी एक बाटली असते, ओतलेलं थोडं तरी तिच्यात उरलं असणार. मामांनी पाना आणून ती सोडवली. आतला काळा बुळबुळीत गाळ मी नव्या फ्लास्कमध्ये घेतला. खायला पुन्हा फक्त औषध.

पाणी गढूळ झालं, पण त्यावर कोण विश्वास ठेवणार? सिंकमधली खरकटी घाण खाऊन भलतेच जिवाणू वाढले असतील. म्हणून चमचाभर पुढच्या फ्लास्कमध्ये, त्यातलं पुन्हा पुढच्या. प्रत्येक वेळी सकाळी लॅबचं दार उघडलं की मी आधी फ्लास्क उजेडाकडे धरून बघायचे. मामा काही न विचारता दारापाशी येऊन उभे राहायचे.

दिवाळीच्या तोंडावर, पाण्यात औषध किती उरलंय ते मोजणाऱ्या मशीनला नमुने लावले. जिवाणू न घातलेल्या पाण्याच्या आलेखात औषधाचा उंच सुळका जसाच्या तसा होता. आमच्या फ्लास्कच्या आलेखात त्या जागी सपाट रेघ आली. औषध संपलं होतं!

"लागलं, मामा, विरजण लागलं!" म्हणत मी चक्क रडायलाच लागले.

मामांनी फ्लास्क दोन्ही हातांनी उचलून नीट फ्रीजमध्ये ठेवला, दार लावलं.

"मॅडम," ते म्हणाले, "आता तरी ह्याला विरजण म्हणू नका."